गोव्याचे रान, फुले आणि देवस्थाने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्ट्या तोंडावर आल्या की घाटावरून, कोकणातून, मुंबई-पुण्याहून ओळखीपाळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात. किनाऱ्यांची माहिती त्यांना आमच्यापेक्षा जास्त असते. विचारायचे असते ते आतल्या गोव्याचे, आणि सत्तरी तालुक्यात राहणारा माणूस म्हटला की ते प्रश्न आपसूक आमच्याकडे येतात. नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कळंगुट-बागाबद्दल यात काही सापडणार नाही.

गोव्यात जंगल आहे तरी कुठे?

पूर्वेला. नकाशावर म्हापसा-पणजी-मडगाव अशी उभी रेघ ओढा आणि तिच्या उजव्या बाजूला बघा. सत्तरी, धारबांदोडा, सांगे, काणकोण हे तालुके सह्याद्रीला टेकून आहेत. अख्खे राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे, म्हणजे सातारा जिल्ह्याच्या निम्मेही नाही, पण घाटाच्या कुशीत उत्तरेकडून दक्षिणेकडे म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही अभयारण्ये जवळजवळ सलग उभी आहेत. भगवान महावीरच्या पोटातच १०७ चौरस किलोमीटरचे मोले राष्ट्रीय उद्यान आहे. म्हादई आणि नेत्रावळी ही दोन्ही १९९९ साली जाहीर झाली आणि प्रत्येकी दोनशे चौरस किलोमीटरच्या वर आहेत. बोंडला आठ चौरस किलोमीटरचे, आणि चोडणचे पक्षी अभयारण्य तर पावणेदोनचे.

पलीकडे कर्नाटकात भीमगड आणि काळी व्याघ्र प्रकल्प, वरच्या अंगाला महाराष्ट्रातले तिळारीचे रान. जनावरे हा सगळा मुलूख एकच धरून चालतात.

कोणत्या महिन्यात यावे?

काय बघायचे ते आधी ठरवा, महिना त्यावरून ठरेल. पक्ष्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी. सड्यावरच्या, म्हणजे जांभ्याच्या पठारावरच्या, फुलांसाठी ऑगस्टची अखेर आणि सप्टेंबर. बेडूक, चापडा साप आणि धबधबे हवे असतील तर जून-जुलै, पण मग भिजायची आणि जळवांची तयारी ठेवून. काजव्यांसाठी मेची अखेर. शिमगा फाल्गुनात, चतुर्थी भाद्रपदात.

डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळा. तेव्हा मोल्यापासून पणजीपर्यंत रस्ता तुंबलेला असतो आणि मुक्कामाचे दर ऐकून माणूस परत घाट चढतो.

वाघ दिसेल का?

नाही. म्हणजे तुम्हाला दिसणार नाही, वाघ आहे. कॅमेरा ट्रॅपमध्ये येतो, पाऊलखुणा मिळतात, गुरे मारली जातात. पण इथे जीपमधून वाघ दाखवायची व्यवस्था नाही, रान दाट आहे आणि वाघ थोडे आहेत. कोणी खात्रीने वाघ दाखवतो म्हणाला तर पैसे देऊ नका.

या प्रश्नाला जोडून राजकारण येतेच, म्हणून थोडक्यात सांगतो. जानेवारी २०२० मध्ये म्हादई अभयारण्यात गोळावली गावाजवळ एक वाघीण आणि तिचे तीन बच्चे विषबाधेने मेलेले सापडले. वाघाने गुरे मारली होती, आणि गुरे गेल्याची भरपाई वेळेवर मिळत नाही ही गावकऱ्यांची तक्रार जुनीच होती. त्यानंतर व्याघ्र प्रकल्पाची मागणी जोरात आली. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा असा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. सत्तरीतल्या गावांत यावर दोन्ही बाजूंची माणसे एकाच घरात भेटतील. अभयारण्याच्या हद्दीत ज्यांच्या काजूच्या बागा आहेत आणि जमिनीचे हक्क अजून कागदावर आलेले नाहीत, त्यांची भीती खोटी नाही. पाहुण्याने चहा पिता पिता या विषयावर निकाल देऊ नये, एवढेच.

वाघाचे देऊळ मात्र नक्की दिसेल. सत्तरीत आणि सांग्यात रानाच्या वाटेवर वाघ कोरलेले दगड पुजलेले असतात. त्याला वाघ्रो म्हणतात. मळ्यातले काम किंवा काजूचा हंगाम सुरू करताना अजूनही तिथे नारळ फुटतो.

मग दिसते काय?

गवा. गोव्याचा राज्यप्राणी. पांढरे मोजे घातल्यासारखे पाय आणि टनाच्या आसपास वजन. एप्रिल-मेमध्ये काजूची बोंडे पिकून जमिनीवर सडा पडतो, तेव्हा ती खायला गवे थेट बागांत उतरतात. संध्याकाळी चोर्ला किंवा मोल्याच्या रस्त्यावर गवा आडवा आला तर गाडी लांब थांबवा, दिवे मंद करा, हॉर्न वाजवू नका. तो वाट देतो, पण त्याच्या वेळेने.

शेकरू, महाधनेश, मलबारी राखी धनेश, माकड-वानर, साळिंदर, भेकर, उडता सरडा हे धीर धरणाऱ्याला भेटतात. राज्यपक्षी लालकंठी बुलबुल: अंग पिवळे, डोके काळे, गळ्यावर माणकाचा खडा लावावा तसा ठिपका. मोले आणि तांबडी सुर्ल्याच्या वाटेवर सकाळी सहज दिसतो.

पावसाळ्यात खाली बघून चाला. चापडा, म्हणजे मलबारी चापडा, एकाच रानात हिरवा, पिवळा, तपकिरी असा वेगवेगळ्या रंगांत सापडतो आणि तासन् तास एकाच फांदीवर बसून राहतो. लोक त्याच्या पुढ्यातून हसत-बोलत निघून जातात. गोव्याच्या नावावर गेल्या काही वर्षांत नव्याने नोंदले गेलेले प्राणीही बहुतेक या ओल्या जगातले आहेत: गांडुळासारखा दिसणारा, पाय नसलेला एक उभयचर २००७ साली, आणि नंतर दोन छोटे बेडूक.

चोडणच्या पक्षी अभयारण्यात कसे जायचे?

रायबंदरहून फेरीबोटीने. बोटीतून उतरलात की धक्क्यापासून जवळच प्रवेशद्वार आहे. १९८८ साली जाहीर झालेल्या या अभयारण्याला डॉ. सलीम अली यांचे नाव आहे. आत कांदळवनातून पायवाट आहे, आणि होडीनेही फिरता येते.

भरती-ओहोटीचे वेळापत्रक बघून निघा. हे फारसे कोणी सांगत नाही. भरतीला होडी आतल्या खाडीत शिरू शकते, खंड्याच्या जाती जवळून दिसतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि त्यावर तुतारी, ढोकरी, बगळे उतरतात. चिखलाकडे नीट बघितले तर मजा आहे: एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती वरखाली हलवत असतात, आणि निवट्या मासे पाण्याबाहेर येऊन परांवर उभे राहिल्यासारखे उड्या मारतात. मुलांना धनेशापेक्षा निवट्या जास्त आवडतो.

पक्ष्यांचीच ओढ असेल तर करमळीचे तळे सोडू नका, कोकण रेल्वेच्या करमळी स्टेशनाशेजारीच आहे. कुडचड्याचे नंदा तळे २०२२ साली रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले; गोव्यातले हे पहिले.

खाडीत मगरी आहेत म्हणतात, खरे का?

खरे. मांडवी आणि झुवारी यांना जोडणाऱ्या कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आहेत. मगर ही खरे तर गोड्या पाण्यातली, इथे मात्र ती खाऱ्या-मचूळ पाण्यात, कांदळवनात राहते. ओहोटीला, थंडीच्या सकाळी चिखलावर ऊन खात पडलेली दिसते.

पण यातली मोठी गोष्ट काठावर आहे. इथली शेते समुद्रसपाटीच्या खाली आहेत. त्यांना खाजन म्हणतात. मातीचा बांध घालून खारे पाणी अडवायचे, बांधात लाकडी दारांची मानस बसवायची. भरती आली की पाण्याच्या दाबाने दार आपोआप मिटते, ओहोटीला उघडते आणि आतले पाणी बाहेर जाते. या जमिनीत कोरगूट नावाचा खारे पाणी सोसणारा भात होतो. आता या बांधावरून रोज येणे-जाणे असलेल्या माणसाची आणि मगरीची गाठ पडणारच. तर फोंडा तालुक्यातल्या झुवारीकाठच्या काही गावांत पौष अमावस्येला ‘मानगे थापणी’ होते. शेतकरी खाडीकाठच्याच चिखलाची मगर थापतात, चांगली ऐसपैस, अंगावर शिंपले रोवून खवले करतात, शेपटीला बाक देतात, फुले वाहतात, अंड्याचा किंवा कोंबडीच्या पिलाचा नैवेद्य दाखवतात. मूर्ती तिथेच राहते आणि पावसात विरघळते. खाडीतल्या मगरीने माणसांना, गुरांना सांभाळावे अशी प्रार्थना असते. हा कार्यक्रम पर्यटकांसाठी नसतो. गावातला कोणी ओळखीचा असेल तरच जा, आणि मध्ये मध्ये करू नका.

दूधसागरला रेल्वेतून उतरून जाता येते का?

नाही. धबधब्यापाशी गाडीतून उतरायला आणि रुळांवरून चालत जायला रेल्वेची मनाई आहे. पकडले की दंड होतो. समाजमाध्यमांवरचे जुने व्हिडिओ बघून निघू नका. रस्ता कुळ्याहून, परवान्याच्या जीपने, साधारण ऑक्टोबर ते मे. पावसात ओढ्यांना पाणी चढते म्हणून जीप बंद असतात, आणि नेमका तेव्हाच धबधबा भरात असतो. त्यावर चांगला उपाय म्हणजे कॅसलरॉक-कुळे मार्गावरच्या गाडीत दिवसाची जागा मिळवून खिडकीतून बघणे. उंची ३१० मीटर, चार टप्पे, आणि गाडी त्याच्या अगदी मधून जाते.

फुले कोणती आणि कुठे?

हा प्रश्न आवडीचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

फेब्रुवारीत सावर आणि पळस पेटतात, अंगावर पान नसते. सावरीच्या एका झाडाखाली तासभर उभे राहिले तर मैना, कोतवाल, बुलबुल, शेकरू सगळे हजेरी लावून जातात. त्याच सुमाराला सुरंगी येते. हिची फुले पानांच्या शेंड्याला नाही, तर जाड फांदीवरच झुपक्यांनी लागतात. कळी उमलायच्या आत काढावी लागते, म्हणून बायका उजाडायच्या आधी झाडाखाली कापड अंथरून कामाला लागतात. ऊन चढले की मधमाश्या झाडाचा ताबा घेतात आणि मग हात घालायची सोय नाही. वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, विकत मिळतो तो बाजाराच्या तोंडाशी, टोपलीत, ओल्या फडक्याखाली. सुरंगीची फुले सुकल्यावरही कपाटात वास ठेवतात, म्हणून आमच्याकडच्या बायका वाळलेला वळेसर टाकत नाहीत, साड्यांच्या घडीत ठेवतात.

एप्रिल-मेमध्ये बहावा आणि तामण. पहिल्या पावसाच्या आगेमागे झाडांच्या खोडांवर सीतेची वेणी लोंबू लागते. हे आमरीचे, म्हणजे ऑर्किडचे फूल. जांभळट पांढरे, शेपटासारखे. फांदीसकट तोडून घरी लावायचा मोह आवरा, बंगल्याच्या बागेत ते टिकत नाही आणि अभयारण्यातून काही उचलणे गुन्हा आहे.

सप्टेंबरात सडे. जांभ्या दगडाचे हे पठार मेमध्ये करपलेले, उजाड दिसते आणि म्हणूनच त्यावर खाण, कारखाना, विमानतळ असे काहीही बसवायला लोक तयार असतात. पावसाळ्यात त्याच दगडावरच्या वीतभर मातीत गेंद, कवला, सोनकी, तेरडा आणि सीतेची आसवे यांचे पट्टे पडतात. सीतेची आसवे दिसायला नाजूक, पण मुळाशी बारीक पिशव्या असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव पकडून ही वनस्पती खाते, कारण त्या मातीत खायला दुसरे काही नाही. चोर्ला-सुर्ला भागातले पठार यासाठी उत्तम. पणजीत असाल तर ताळगावच्या पठारावर, विद्यापीठाच्या परिसरातही थोडे दिसते. कारवी चोर्ल्याच्या उतारांवर आहे, पण तिचा बहर सात वर्षांनी. आधी फोन करून विचारा.

आणि पावसाळ्यातच म्हार्दोळची जाई. तिथली फूलकारांची कुटुंबे जाईच्या बागा पिढ्यान् पिढ्या सांभाळून आहेत. केळीच्या सोपटाच्या दोऱ्यात गुंफलेल्या जाईच्या माळा पणजी-फोंड्याच्या बाजारात येतात ते यांच्याकडूनच. वर्षातून एकदा महालसेच्या देवळात जायांची पूजा होते आणि त्या दिवशी गाभाऱ्यापासून मंडपापर्यंत सगळीकडे जाईच जाई असते.

आम्ही चतुर्थीत आलो तर काही बघायला मिळेल का, की सगळे बंद?

हॉटेले, दुकाने बरीचशी बंद असतात, आणि घरोघरी पाहुण्यांची ये-जा असते. कोणाच्या घरी बोलावणे असेल तर जरूर या आणि गणपतीच्या आधी वर बघा. तिथे माटोळी बांधलेली असते: लाकडी चौकटीला टांगलेली रानातली फळे, फुले, पाने. तोरिंगे, नारळाचा घड, सुपारीचे शिंपुट, आंबाडे, चिबूड हे घरचे. कवंडळाची लाल फळे, कांगणीचे घोस, घागऱ्या, कळलावीची ज्वाळेसारखी फुले हे रानातले. सत्तरीत माटोळी बांधायच्या स्पर्धा होतात. काही माटोळ्यांत शंभराहून अधिक प्रकार असतात, आणि प्रत्येकाचे नाव आणि औषधी उपयोग सांगणारी आजी घरात असते.

बाजारातली माटोळी महाग झाली आहे, आणि ओरबाडून आणलेल्या वस्तूंचे प्रमाणही वाढले आहे. चार फळे कमी असली तरी गणपतीची तक्रार नसते.

देवराई बघता येते का?

येते, पण ती बाग नव्हे. सत्तरीत अनेक गावांच्या देवराया शिल्लक आहेत. ब्रह्माकरमळीची अजोबाची तळी हे त्यातल्या त्यात पोचायला सोपे ठिकाण. त्याच गावात ब्रह्मदेवाचे देऊळ आहे. मूर्ती तिसवाडीतल्या करमळीहून पोर्तुगीज काळात इथे आणली आणि गावाने जुने नाव सोबत आणले.

बांबर गावची निरंकाराची राय ही मात्र वेगळीच चीज. इथे बारमाही पाण्यात जायफळाच्या कुळातली रानटी झाडे उभी आहेत आणि त्यांची मुळे श्वास घ्यायला चिखलातून गुडघ्यासारखी वर आली आहेत. अशी दलदल पश्चिम घाटात फार थोड्या ठिकाणी उरली आहे. एवढ्याशा तुकड्यात ती टिकली ती निरंकार देवाच्या धाकाने. तिथले लाकूड कोणी तोडत नाही.

नियम गावाचे असतात आणि गावागणिक वेगळे. चपला कुठे काढायच्या, बायकांनी कुठपर्यंत जायचे, फोटो काढायचा की नाही, हे आधी विचारा. काही नियम पटणार नाहीत. तेव्हा बाहेरूनच बघा आणि परत फिरा, तिथे उभे राहून वाद घालण्यात अर्थ नाही.

तांबडी सुर्ल्याचे देऊळ एवढे आडरानात का?

कदंब राजांच्या काळातले, बाराव्या-तेराव्या शतकातले हे महादेवाचे देऊळ अनमोड घाटाच्या पायथ्याशी, रगाडा नदीकाठी आहे. त्या काळी घाटवाटांची वर्दळ इकडून होती, त्यामुळे आज वाटते तेवढे ते आडरान नसावे. नंतर वाटा बदलल्या, रान वाढले, आणि त्या रानानेच ते वाचवले असे म्हणतात. गोव्यातली त्या काळची बाकीची दगडी देवळे बहुतेक गेली, हे राहिले.

दगड काळा, बेसाल्टचा. गोव्याचा नेहमीचा दगड तो जांभा, त्यात इतके बारीक कोरीव काम होतच नाही. चुना न वापरता दगडात दगड बसवला आहे. मंडपात चार खांब आहेत. घाईत आत जाऊन पिंडीला नमस्कार करून बाहेर येऊ नका; खांबांच्या तळाशी वाका. एका खांबाच्या पायाशी घोड्याला तुडवणारा हत्ती कोरला आहे, विताएवढा. मग मान वर करून छतातले कमळ बघा. मधला नंदी शिर नसलेला आहे. देऊळ पूर्वाभिमुख आहे, तेव्हा सकाळी लवकर पोचाल तर उजेड आत येतो.

फोंड्यात सगळी मोठी देवळे एकमेकांना चिकटून का आहेत?

कारण ती तिथली नाहीत. सोळाव्या शतकात तिसवाडी, बारदेश आणि साष्टी हे तालुके पोर्तुगिजांकडे गेले आणि तिथली देवळे पाडली जाऊ लागली. झुवारीपलीकडे अंत्रुज महाल, आजचा फोंडा, आदिलशाहीत होता. लोकांनी रातोरात देव होडीत घालून पलीकडे नेले. मंगेश १५६० मध्ये कुठ्ठाळीहून प्रियोळला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, महालसा वेर्ण्याहून म्हार्दोळला. फोंडा पोर्तुगिजांकडे आला अठराव्या शतकात; तोवर त्यांचा जोर ओसरला होता आणि देवळे राहिली. कवळ्याच्या आजच्या देवळाच्या उभारणीत शाहू महाराजांच्या दरबारातले नारोराम मंत्री यांचा मोठा वाटा.

त्यामुळे वास्तूही मिश्र: घुमट, कौलारू उतरती छपरे, उंच दीपस्तंभ, चर्चसारख्या कमानी आणि झुंबरे. काही अभ्यागतांना हे देऊळ ‘खरे’ वाटत नाही. आम्हाला हेच आवडते. आणि फोंड्याला गेलातच तर १५६० सालची साफा मशीद आणि तिचे तळेही बघा, वाटेवरच आहे.

शिवाजी महाराजांनी बांधलेले देऊळ कोणते?

नार्व्याचे सप्तकोटेश्वर, दिवचल, म्हणजे डिचोली तालुक्यात. कदंबांचा हा कुलदेव मूळ दिवाडी बेटावर होता. तिथले देऊळ पोर्तुगिजांनी मोडले, लिंग नदीपलीकडे नार्व्याला आले, आणि १६६८ मध्ये महाराजांनी देऊळ बांधायला घेतले; दारावर तसा शिलालेख आहे. अलीकडेच डागडुजी होऊन २०२३ मध्ये ते पुन्हा खुले झाले. पणजीहून दिवाडीमार्गे फेरीने गेलात तर दोन फेऱ्या आणि मधले भातशेत असा सुरेख रस्ता मिळतो.

जुन्या गोव्यात चर्चशिवाय काही आहे का?

चर्चच बघायची तर घाई करू नका: बॉम जेझूचे बांधकाम १६०५ मध्ये पुरे झाले, सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे शव तिथे आहे, दर दहा वर्षांनी ते दर्शनासाठी खाली आणतात आणि मागचा सोहळा २०२४-२५ मध्ये झाला. १९८६ पासून इथली चर्च आणि कॉन्व्हेंट जागतिक वारशाच्या यादीत आहेत. बाकी, सेंट कायतान चर्चच्या आवारात आदिलशाही वाड्याच्या दाराची काळ्या दगडाची चौकट तेवढी उभी आहे. बहुतेक लोक तिच्या बाजूने आइस्क्रीम खात जातात. अंगभर कपडे घाला, देवळात घालता तसेच.

उसगाळीमळची चित्रे म्हणजे काय?

रिवणजवळ, कुशावती नदीच्या काठी जांभ्याच्या कातळावर शंभराहून जास्त आकृत्या खोदलेल्या आहेत: बैल, हरणे, मोर, माणसे आणि एक मोठा गोल चक्रव्यूह. गुराखी पोरे कित्येक वर्षे त्यावर खेळत होती. पुरातत्त्वाच्या नोंदीत ते आले १९९३ मध्ये. दुपारी बारा वाजता गेलात तर कातळ नुसता लाल दिसेल. तिरक्या उन्हात जा, सकाळी किंवा चारनंतर, मगच रेषा उठून येतात. पावसाळ्यात कातळावर पाणी आणि शेवाळ असते. चित्रांवर पाय देऊ नका, खडूने रेषा गिरवून फोटो तर काढूच नका.

मेमध्ये वर येणारे गाव कोणते?

कुर्डी. साळावली धरणात बुडालेले. मेमध्ये पाणी उतरले की घरांचे चौथरे, वाटा, माडांचे बुंधे दिसू लागतात, आणि विस्थापित झालेली कुटुंबे सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जमतात. ख्रिस्ती कुटुंबे आपल्या कपेलात, म्हणजे छोट्या चर्चमध्ये. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर या गावच्या. इथले कदंबकालीन महादेवाचे देऊळ मात्र आधीच दगड दगड मोकळा करून धरणाजवळ हलवले, ते वर्षभर बघता येते.

कासवे कुठे?

मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग. ऑलिव्ह रिडले कासवे साधारण नोव्हेंबर ते मार्चमध्ये अंडी घालायला येतात आणि पिल्ले पन्नासेक दिवसांनी निघतात. वनखात्याची माणसे घरट्याला कुंपण घालून पहारा देतात. टॉर्च, फ्लॅश, संगीत नको. दिवसा जाऊन कुंपणच दिसेल, याची तयारी ठेवा.

साप, जळवा, गोचिडी यांचे काय?

जळवा त्रासदायक, धोकादायक नाहीत. मीठ किंवा तंबाखूचे पाणी मोज्याला लावा.

गोचिडीचे मात्र गांभीर्याने घ्या. सत्तरीत २०१५ पासून क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचे, म्हणजे माकडतापाचे रुग्ण सापडले आहेत. हा गोचिडीमुळे होतो, साधारण डिसेंबर ते मे. रानात पाचोळ्यावर बसू नका, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करा. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. फिरून आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना रानात गेल्याचे आवर्जून सांगा.

साप चावला तर कापणे, चोखणे, मांत्रिक यातले काही करू नका. १०८ ला फोन, हातपाय न हलवता सरळ दवाखाना. मोठे ठिकाण म्हणजे बांबोळीचे गोवा मेडिकल कॉलेज.

दर पावसाळ्यात धबधब्यांत आणि खाणींच्या पाण्यात उतरायला बंदीचे आदेश निघतात. दरवर्षी कोणी ना कोणी बुडते, आणि बहुतेक वेळा तो पाहुणाच असतो.

रस्त्यावर पानात बांधून विकतात ती अळमी, म्हणजे अळंबी, घ्यावी का?

वारुळावर उगवणारी रानअळमी जून-जुलैत येते. वाळवीच्या संगतीशिवाय ती वाढत नाही, म्हणून तिची शेती होत नाही आणि भाव ऐकून डोळे पांढरे होतात. चव भाव विसरायला लावते. मात्र कळ्या असतानाच ओरबाडून आणल्या तर बीज पडत नाही, आणि अभयारण्यातून काढायला बंदी आहे. उमललेली, खासगी बागेतली असेल तर घ्या. स्वतः रानात शोधायला जाऊ नका. विषारी जाती सारख्याच दिसतात.

शिमगा, काले, जत्रा यांपैकी काय गाठावे?

शहरातल्या चित्ररथांपेक्षा गावचा शिमगा गाठा: सत्तरी-दिवचलची घोडेमोडणी (कमरेला घोड्याचे सोंग बांधून केलेला नाच), झर्म्याचा चोरोत्सव, साळचे गडे. आषाढीला जोडून माशेलला देवकी-कृष्णाच्या देवळासमोर चिखलकाला होतो, तिथे कपडे खराब होणारच. जत्रांत रात्रभर दशावतार आणि उत्सवी नाटके, तीही बरीचशी मराठीत. अंगात आलेल्या माणसाच्या तोंडावर कॅमेरा धरू नका.

मराठी चालेल का?

चालेल. देवळात आरत्या मराठीच आहेत. उत्तर कोकणीत आले तरी समजेल.

मुले लहान आहेत आणि दोनच दिवस आहेत. काय सोडू?

दूधसागर सोडा, त्यात अख्खा दिवस जातो. पहिल्या दिवशी चोडण, मग दिवाडीमार्गे नार्वे, वाटेत हरवळ्याची लेणी आणि धबधबा. दुसऱ्या दिवशी पहाटे तांबडी सुर्ला, नंतर बोंडला, तिथले प्राणिसंग्रहालय छोटे पण सावलीचे आहे. गुरुवारी बंद असते. संध्याकाळी सावई वेऱ्याच्या बाजूला एखादे कुळागर बघा: माड, पोफळी, त्यांवर मिऱ्याचे वेल, खाली केळी-जायफळ, आणि मधून झऱ्याचा पाट. मुले पाटात पाय घालून बसतात, मोठ्यांना चहा मिळतो.

गाडी लागेलच का?

आतल्या भागात स्वतःची गाडी असलेली बरी. कदंबच्या, म्हणजे सरकारी महामंडळाच्या, बसेस वाळपई, साखळी, फोंडा, सांगे, काणकोणपर्यंत चांगल्या आहेत, पुढे गावांत दिवसाला मोजक्या फेऱ्या होतात आणि शेवटची बस बहुधा तिन्हीसांजेला निघते. जाताना त्याच कंडक्टरला परतीची वेळ विचारून ठेवा. चोर्ला घाटाने येणार असाल तर धुके आणि गवे दोन्ही असतात, दिवसाउजेडी उतरा. पेट्रोल साखळी किंवा वाळपईत भरा, वर घाटात पंप नाही आणि बऱ्याच वळणांवर फोनला रेंजही नसते.